सूज आणि दाह: अपस्माराच्या उपचारावरील एका वादाविषयी

गेल्या महिन्यात नागपूरच्या धंतोलीतील एका सभागृहात अपस्मारावर, म्हणजे फिट येण्याच्या आजारावर, जाहीर चर्चा झाली. व्यासपीठावर दोन वक्ते होते आणि दोघांचाही अभ्यास दांडगा होता. पहिल्यांचे म्हणणे असे की, अपस्मार हा मुळात मेंदूच्या दाहाचा विकार आहे. शंभर वर्षे आपण मेंदूतील विजेचा कल्लोळ दाबत बसलो आणि त्याखालच्या विस्तवाकडे पाहिलेच नाही. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, दाह हा फिट आल्याचा परिणाम आहे, ते तिचे कारण नव्हे. दाहाची भाषा रुग्णाला गोळ्यांपासून तोडते, म्हणून ती जाहीर सभेत बोलूच नये. दीड तासात दोघांनाही भरपूर टाळ्या मिळाल्या. अखेरीस मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. उमरेडकडून मुलीला घेऊन आले होते. हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात एमआरआयची फिल्म आणि कालनिर्णयची फाडून ठेवलेली पाने. ज्या ज्या दिवशी फिट आली त्या त्या चौकटीत लाल शाईचा ठिपका. त्यांनी एवढेच विचारले, “मंग माह्या पोरीले हा दाह आहे का नाही, तेवढं सांगा न डॉक्टरसाहेब.” दोन्ही वक्त्यांनी पुन्हा आपापला सिद्धान्त सांगितला.

मी पूर्व नागपुरात तीस वर्षे सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो आणि फिटचे रुग्ण पहिल्यांदा माझ्यासारख्यांकडेच येतात. माझ्या मते त्या सभेत एकच प्रश्न नीट विचारला गेला आणि तो त्या बापाने विचारला. अपस्मार हा दाहाचा विकार आहे की विजेचा, हा वाद ‘अपस्मार’ नावाचा एकच रोग आहे असे गृहीत धरून चालतो. तसा एक रोग नाही. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने २०१७ च्या वर्गीकरणात कारणांचे सहा गट मानले: रचनात्मक, जनुकीय, संसर्गजन्य, चयापचयाशी निगडित, रोगप्रतिकारशक्तीशी निगडित आणि अज्ञात. म्हणून दाहाविषयी प्रश्न विचारायचा तो समोरच्या माणसापुरता: याच्या मेंदूत आज दाह चालू आहे का, आणि असल्यास तो शमवल्याने होणारा लाभ हानीपेक्षा मोठा आहे का? ज्यांच्याबाबतीत उत्तर ‘हो’ आहे त्यांना तो उपचार दिवसांच्या हिशेबाने लवकर मिळाला पाहिजे. ज्यांच्याबाबतीत ‘नाही’ आहे त्यांच्या नियमित गोळ्यांना दाहाच्या नावाने कोणी हात लावू नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत, असे मानणे हीच त्या सभेतील चूक होती.

चुकीचे निम्मे मूळ आपल्या बोलीत आहे. ‘मेंदूला सूज आहे’ हे वाक्य आपण डॉक्टर मंडळी नातेवाइकांपुढे इतक्या सैलपणे वापरतो की, त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळून जातात. डोक्याला मार लागल्यावर किंवा गाठीभोवती पेशींत पाणी साठते, त्यालाही सूज म्हणतो. विषाणूमुळे येणाऱ्या मेंदूज्वरालाही सूज म्हणतो. आणि शरीराची संरक्षणयंत्रणा मेंदूतच कामाला लागते, रासायनिक संदेश सुटतात, पेशी चेतवल्या जातात, त्यालाही सूजच म्हणतो. खरे तर ‘दाह’ हा शब्द या तिसऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवायला हवा. पाणी साठले नसतानाही दाह असू शकतो आणि साध्या एमआरआयमध्ये तो अजिबात दिसणार नाही, असेही होते. ‘सूज दिसत नाही, म्हणजे दाह नाही’ आणि ‘सूज आहे, म्हणजे स्टेरॉइड द्या’ ही दोन्ही वाक्ये मी याच शहरात ऐकली आहेत. दोन्ही चुकीची आहेत.

पहिल्या वक्त्यांच्या बाजूचा शास्त्रीय पाया भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. मिलानच्या मारियो नेग्री संस्थेतील अन्नामारिया वेझ्झानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की, इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहाचे रसायन मेंदूत वाढले की फिट लांबते आणि त्याचा मार्ग अडवला की ती कमी होते. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी मेंदूच्या तुकड्यांतही हीच रसायने आणि मेंदूचे रक्षण करणाऱ्या, चेतवल्या गेलेल्या सूक्ष्मपेशी सापडल्या आहेत. हे घडते कसे, तेही बऱ्याच अंशी समजले आहे. मज्जापेशींभोवतीच्या ताराकृती पेशी एरवी जादा पोटॅशियम आणि मज्जापेशींना चेतवणारे ग्लुटामेट शोषून घेऊन परिसर शांत ठेवतात. दाहात त्यांचे हे काम ढिले पडते. रक्त आणि मेंदू यांच्यामधला बांध झिरपू लागतो आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन आत उतरून त्या पेशींना आणखी बिघडवते. मज्जापेशी मग थोड्या निमित्तानेही पेटतात, फिट येते, आणि ती फिट स्वतःच नवा दाह उभा करते. दाह कारण की परिणाम, असा वाद घालणाऱ्यांनी या चक्राकडे पाहावे. रहाटगाडग्याचा पहिला पोहरा कोणता हे ठरवत बसल्याने पाणी थांबत नाही. कुठे अडवले तर रहाट थांबेल, हे शोधावे लागते.

त्या बाजूचा दुसरा मुद्दा आकड्यांचा आहे आणि तो अस्वस्थ करणारा आहे. ग्लासगोमध्ये ५२५ नव्या रुग्णांचा पाठपुरावा करून २००० मध्ये असे प्रसिद्ध झाले की, सुमारे ६३ टक्के रुग्णांच्या फिट औषधांनी थांबतात. त्यानंतर नव्या औषधांची रांग लागली. त्याच केंद्राने १,७९५ रुग्णांचा हिशेब २०१८ मध्ये मांडला, तेव्हाही आकडा ६४ टक्क्यांच्या आसपासच होता. नवी औषधे पुष्कळांना सोसायला सोपी गेली, पण उरलेल्या एक तृतीयांशांपर्यंत ती पोहोचली नाहीत. ही औषधे फिट दाबतात, अपस्मार घडण्याची प्रक्रिया थांबवत नाहीत. डोक्याच्या गंभीर दुखापतीनंतर दिलेले फेनिटॉइन हे फिटचे औषध पहिल्या आठवड्यातील फिट टाळते, पुढचा अपस्मार टाळत नाही. मग संशोधकांनी विजेच्या पलीकडे पाहायचे नाही तर काय करायचे?

पण इथूनच पहिले वक्ते ज्या उडीने थेट उपचारावर गेले, ती उडी मला मान्य नाही. प्रक्रियेत दाह आहे, म्हणून दाहशामक औषध उपयोगी पडेल, हे अनुमान वैद्यकात यापूर्वी एकदा फार महाग पडले आहे. डोक्याला मार लागला की मेंदू सुजतो, स्टेरॉइड सूज उतरवते, म्हणून जखमी माणसाला स्टेरॉइड द्यावे: सुमारे तीस वर्षे जगभर हे चालले, आणि तर्काला कुठे भोक दिसत नव्हते. अखेर दहा हजारांहून अधिक रुग्णांवर ‘क्रॅश’ नावाची चाचणी झाली आणि २००४ मध्ये तिचा निकाल आला. स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यातले प्रमाण १७.९ टक्के होते. चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्या तीस वर्षांत सद्हेतूने दिलेल्या इंजेक्शनांनी किती माणसे गेली असतील? अपस्मारातही असा प्रयत्न झाला आहे. दाहातील पेशींना मेंदूत शिरण्यापासून अडवणारे नॅटालिझुमॅब, जे मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात उत्तम चालते, औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात तपासले गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ठरवलेला मुख्य निकष गाठला गेला नाही. अशा वेळी हळदीच्या कॅप्सूल आणि ‘दाहशामक आहार’ यांना अपस्मारावरील उपचार म्हणून व्यासपीठावरून आशीर्वाद देणे मला जबाबदारीचे वाटत नाही.

याच्या उलटही घडते, हे त्याच वक्त्यांनी ध्यानात घ्यावे. व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये ब्रोमाइडचा वापर सांगितला तो अशा समजुतीने की, स्त्रियांतील काही अपस्मार मासिक पाळीशी आणि कामवासनेशी जोडलेला आहे. समजूत पार चुकीची होती. औषध मात्र लागू पडले आणि फिटवरचे पहिले खरे औषध ठरले. विल्यम वेस्ट या इंग्रज डॉक्टरने १८४१ मध्ये स्वतःच्या तान्ह्या मुलाला येणाऱ्या आचक्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. बाळ झोपेतून उठले की एकामागून एक मान खाली घालून वाकते, आणि घरचे त्याला दचकणे किंवा पोटदुखी समजतात. १९५८ पासून या विकारात एसीटीएच हे संप्रेरक आणि पुढे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वापरले जाऊ लागले, आणि २००४ च्या ब्रिटनमधील चाचणीत संप्रेरक उपचाराने ७३ टक्के बालकांचे आचके दोन आठवड्यांत थांबले. पण ते दाह शमल्यामुळेच थांबले, असे सिद्ध झालेले नाही. औषध लागू पडले, एवढ्याने त्यामागचा सिद्धान्त खरा ठरत नाही. बाळाच्या बाबतीत मात्र सिद्धान्ताची वाट पाहण्याची गरजही नाही. आचक्यांचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणि त्याच आठवड्यात केलेला ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, यांची गरज आहे.

आता दुसऱ्या वक्त्यांकडे वळतो, कारण त्यांची भीती मी स्वतः डोळ्यांनी पाहिली आहे. माझ्याकडे येणारा, ऑटोरिक्षाचे सुटे भाग विकणारा एक गृहस्थ चार वर्षे दोन गोळ्यांवर व्यवस्थित होता. फोनवर त्याने ‘गोळ्या केवळ लक्षण दाबतात, मूळ दाह तसाच राहतो’ असा मजकूर वाचला, एका दुकानातून चूर्ण आणले आणि गोळ्या एकदम बंद केल्या. नवव्या दिवशी त्याची फिट थांबेना. अतिदक्षता विभागातून तो घरी आला, पण उजव्या हाताची पकड पहिल्यासारखी राहिली नाही. अशा माणसांपुढे ‘दाह’ हा शब्द जपून वापरावा, हे मला पूर्ण मान्य आहे. क्षयरोग घरोघर लपून असलेल्या आपल्या भागात आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड देणे म्हणजे काय, हेही मला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे योग्य निदान आणि औषधे मिळाली तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटविना जगू शकतात, आणि गरीब देशांत तीन चतुर्थांशांना साधा उपचारही मिळत नाही. ज्या घरात पहिली गोळीच पोहोचलेली नाही तिथे इंटरल्यूकिनची चर्चा चैनीची वाटते, हा आक्षेप मी हलका मानत नाही.

तरीही त्यांचा निष्कर्ष मला स्वीकारता येत नाही. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले ते हातातून चहाचा कप पडतो म्हणून. ते समोर बसले असताना मी पाहिले: तोंडाची डावी बाजू क्षणभर ओढली गेली, त्याच क्षणी डावा हात कोपरातून आखडला, आणि दोन सेकंदांत सगळे पूर्ववत. असे दिवसातून पन्नास वेळा होत होते. एका मोठ्या रुग्णालयात त्यांना फिटच्या दोन गोळ्या सुरू झाल्या होत्या, मात्रा वाढवत नेली होती, आणि आचके कमी होण्याऐवजी आता त्यांना नातवाचे नाव आठवेनासे झाले होते. रक्तातील सोडियम कमी होते, ते ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिले होते. मेंदूविकारतज्ज्ञांनी मेंदूतील एलजीआय-१ या प्रथिनाविरुद्ध शरीराच्याच संरक्षणयंत्रणेने तयार केलेल्या प्रतिपिंडांची तपासणी बाहेरगावच्या प्रयोगशाळेतून करून घेतली. ती सकारात्मक आली. स्टेरॉइड सुरू झाल्यावर आचके दोन आठवड्यांत ओसरले. स्मृती मात्र सगळी परतली नाही, कारण मधले चार महिने गेले होते. या आजारात फिटच्या गोळ्यांचा प्रभाव थोडा असतो आणि दाहावरच्या उपचाराचा मोठा. लवकर सुरुवात केली तर बुद्धीची हानी टाळता येते. ‘दाह हा परिणाम आहे, कारण नव्हे’ हे वाक्य त्यांच्या पत्नीला कोण जाऊन सांगणार?

आणि ही एकमेव स्थिती नव्हे. मेंदूविकारतज्ज्ञ योसेप दलमाऊ यांनी २००७ मध्ये वर्णन केलेल्या, मज्जापेशींवरील एनएमडीए या ग्राहीविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या मेंदूदाहात तरुण मुलगी अचानक असंबद्ध बोलू लागते, झोप उडते, मग फिट येतात. आपल्याकडे तिला आधी बाहेरचे झाले म्हणून देवस्थानात नेतात, मग मानसोपचार होतो, आणि बीजकोशातील ज्या गाठीमुळे हे कधी कधी सुरू होते ती तोवर कोणी पाहिलेली नसते. धडधाकट माणसाला काही कारण न सापडता न थांबणाऱ्या फिट सुरू झाल्या, तर पहिल्या ७२ तासांत प्रतिकारशक्तीवरील उपचार सुरू करावेत, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२२ मध्ये एकमताने केली. बहात्तर तास म्हणजे गोंदियाहून निघालेला रुग्ण भंडाऱ्यात एक रात्र काढून नागपूरला पोहोचेपर्यंत निम्मे सरलेले असतात. म्हणून हा विषय जाहीर सभेत बोलायलाच हवा. बोलायचे ते कोणासाठी, हे स्पष्ट करून.

दाहाचा विचार भारतीय अपस्मारात नवा आणि परका आहे, हा समजही दुरुस्त करावासा वाटतो. १९८० च्या दशकात सीटी स्कॅन आले आणि फिट आलेल्या हजारो तरुणांच्या मेंदूत अंगठीसारखी दिसणारी एक छोटी गाठ सापडू लागली. आपल्या देशात ती गाठ क्षयाचीच असणार, म्हणून त्यांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी काही गाठींचा तुकडा काढून पाहिला, तेव्हा त्यांतील बहुतेक पट्टकृमीच्या अळीच्या निघाल्या. या कृमीची अंडी दूषित हातांतून, पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी घरातही हा आजार होतो. अळी जिवंत असते तोवर प्रतिकारशक्तीला चकवत गुमान पडून राहते. ती मरू लागली की भोवती दाह उसळतो आणि पहिली फिट येते. म्हणून अल्बेंडाझोल हे कृमिनाशक देताना सोबत स्टेरॉइड देतात, आणि मेंदूत असंख्य अळ्या असून तो आधीच सुजलेला असेल तर कृमिनाशक टाळून फक्त दाह आवरतात. एकाच रोगात औषध कधी द्यायचे आणि कधी रोखायचे, हे दाहाच्या अवस्थेवरून ठरते. यात कुठे आला विजेचा आणि दाहाचा झगडा?

विदर्भाला तर हा धडा कुष्ठरोगाने फार पूर्वी दिला आहे. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला किंवा वरोऱ्याच्या आनंदवनात काम केलेला कोणताही जुना कार्यकर्ता सांगेल की, जंतू मरत असताना एखाद्या आठवड्यात रुग्णाची नस सुजते, ठणकते, आणि हात पंजासारखा वाकतो. ती ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणजे प्रतिकारशक्तीचा दाह. त्या आठवड्यात प्रेडनिसोलोन मिळाले तर हात वाचतो. सहा महिन्यांनी दिले तर काही वाचत नाही. पण म्हणून १९८२ पासूनच्या बहुविध औषधोपचाराऐवजी सर्वांना स्टेरॉइड द्या, असे कोणी म्हटले नाही, आणि दाह हा गौण परिणाम आहे म्हणून त्याकडे पाहू नका, असेही नाही. कार्यकर्त्यांना नस दाबून पाहायला शिकवले गेले. अपस्मारात नेमके हे शिक्षण द्यायचे आपल्याकडून राहून गेले आहे.

दाह विझून गेल्यावर जे उरते त्याबद्दलही बोलले पाहिजे, कारण तिथे सर्वाधिक दिशाभूल होते. मेंदूला ग्रासणारा चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये याच नागपूर परिसरात सापडला आणि त्याला इथल्याच गावाचे नाव मिळाले. २००३ मध्ये त्याच्या साथीने महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशात अनेक मुले नेली. अशा मेंदूज्वरातून किंवा गडचिरोलीच्या मेंदूच्या मलेरियातून वाचलेल्या काही मुलांना पुढे कित्येक वर्षे फिट येतात. त्यांचा आजार दाहातून सुरू झाला हे खरे, पण बहुतेकांच्या मेंदूत आज जे आहे तो व्रण आहे. व्रणाला स्टेरॉइड देऊन काय साधणार? त्यांना हवी असते ती योग्य गोळी, आणि ती पुरत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार. आणि परीक्षेसाठी जागरण केल्यावर सकाळी हात झटकून दात घासण्याचा ब्रश फेकणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला, ज्याचा अपस्मार बहुधा जनुकीय आहे, दाहाच्या चर्चेत ओढण्याचे कारणच नाही. त्याला झोप आणि नेमके औषध पुरते.

आपल्या शहरात तज्ज्ञ कमी नाहीत. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये, मिहानमधील एम्स आणि रामदासपेठ-धंतोलीतील खासगी रुग्णालये मिळून अर्धा मध्य भारत इथे येतो. उणीव आहे ती मधल्या दुव्यांची. प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी रक्त आणि पाठीच्या कण्यातील पाणी कुठे द्यायचे, अहवाल किती दिवसांत येईल, तो येईपर्यंत काय सुरू करायचे, याची एक पानी सूचना जिल्ह्या-जिल्ह्यांतील डॉक्टरांच्या भिंतीवर असायला हवी. प्रौढ रुग्णाला इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे दात्यांच्या रक्तातून मिळवलेल्या प्रतिपिंडांची, पूर्ण मात्रा द्यायची तर खर्च लाखांत जातो. त्याचा भार कोणी उचलायचा, हे रुग्ण अतिदक्षता विभागात असताना ठरवायचे नसते. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन आणि व्हॅल्प्रोएट एकाही महिन्यात संपता कामा नये. या मागण्यांतील पहिल्या दोन दाहवाद्यांच्या आहेत आणि तिसरी त्यांच्या विरोधकांची, असे कोणाला वाटत असेल तर त्याने अपस्मार असलेल्या घरात एक महिना काढून पाहावा.

सभा संपल्यावर उमरेडच्या त्या गृहस्थांची फाइल मी पायरीवरच उघडली. फिल्म सभागृहाच्या दिव्यापुढे धरली. तिच्या सोबतच्या पाच वर्षांपूर्वीच्या सीटी अहवालात डाव्या बाजूला एक बारीक, चुन्याने भरलेला ठिपका नोंदवला होता, बहुधा कधीकाळी मेलेल्या अळीचा. अशा ठिपक्याभोवती फिटनंतर काही दिवस दाहाची सूज येते आणि मग जाते, हे माहीत झाले आहे; त्या सूजेवर वेगळा उपचार केल्याने पुढची फिट टळते का, हे अजून ठरलेले नाही. कॅलेंडरच्या पानांवरचे ठिपके मी मोजले: वर्षात अकरा, त्यांतले सात गोळ्या संपलेल्या आठवड्यांतले. मी त्यांना सांगितले की, पुढची फिट आली तर त्याच आठवड्यात नवा एमआरआय करू, आणि तो घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे मी स्वतः सोबत येईन. “आन्‌ तोवर गोळ्या?” त्यांनी विचारले. मी म्हटले, चालूच, एकही दिवस न चुकवता. त्यांनी खिशातून पेन काढला आणि फाइलच्या पाठीवर, मुलीकडून वार विचारून घेत, पट्टी कोणत्या दिवशी संपते ते लिहून ठेवले.